सतारीचं बटण

पालकहो, डिजिटल पियानो घरी आला की पहिले काही दिवस मुलं सराव करतच नाहीत, बटणं दाबतात. व्हायोलिन, बासरी, ऑर्गन, मध्येच हेलिकॉप्टर! बेंगळुरूतल्या जे. पी. नगरच्या फ्लॅटमध्ये भिंतीपलीकडे शेजारी, म्हणून आपण हेडफोन लावून देतो आणि वर बजावतो, ‘खेळू नकोस, नीट वाजव.’ माझं म्हणणं उलट आहे. खेळू द्या. फक्त जो आवाज निवडला, त्याच्या स्वभावाप्रमाणे वाजवायला लावा. आणि कधीतरी हेडफोन काढून तुम्हीही ऐका.

एक सूर धरून ठेवायला सांगा. पियानोचा सूर हळूहळू विरतो, ऑर्गनचा बोट उचलेपर्यंत तसाच राहतो. पियानोवर पट्टी हलकेच दाबली तर आवाज मऊ येतो, जोरात दाबली तर खणखणीत. ऑर्गनवर जोर लावून सहसा काही फरक पडत नाही. तिथे सगळी कमाल एक पट्टी सुटायच्या आत दुसरी धरण्यात. पेटी वाजवणाऱ्या किंवा संगीत नाटकं ऐकलेल्या आजोबांना हे समजावून सांगावं लागत नाही, त्यांनाच शेजारी बसवा. बासरी निवडली तर एका वेळी एकच पट्टी, आणि जिथे वादकाला दम घ्यावा लागेल तिथे बोटही थांबायला हवं. मुलाला ती ओळ आधी गाऊन बघायला सांगा, थांबायची जागा आपोआप सापडते.

सतारीचं मात्र खरं सांगून टाका. अनेक वाद्यांत १९९१ साली ठरलेली १२८ आवाजांची जनरल मिडी यादी असते; तीत सतार १०५ व्या क्रमांकावर आणि सनई ११२ व्या. नाव आहे, नादही बराचसा आहे, पण मींड कुठून येणार? पट्टी एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारते, तार ओढता येत नाही. हा फरक कळायला अस्सल वाद्य पाहायला-ऐकायला हवं. आपल्याच जे. पी. नगरात, सातव्या फेजमध्ये, २०१९ पासून ‘इंडियन म्युझिक एक्सपिरियन्स’ हे संग्रहालय आहे. तिथल्या साउंड गार्डनमध्ये तर मुलांना हात लावून आवाज काढता येतात. मॉलची एक चक्कर चुकवून तिथे न्या.

एका बाबतीत कडक राहा. पियानोवर व्हायोलिनचा ताफा चढवला, म्हणजे लेअर केला, की काहीही गोड लागतं आणि तुटलेले सूर झाकले जातात. म्हणून क्लासचा धडा साध्या पियानोच्या आवाजात, बाकी रंगपंचमी नंतर.

अजून वाद्य घेतलं नसेल, तर दुकानात ‘आवाज किती?’ हे शेवटी विचारा. आधी ८८ पट्ट्या आहेत का, त्यांना वजन आहे का आणि पेडल सोबत मिळतं का, ते बघा.