अंससंधीची पुनःपुन्हा च्युती : शस्त्रकर्म अयशस्वी का होते?

अंससंधी हा शरीरातील सर्वाधिक चल संधी. म्हणूनच तो सर्वाधिक निखळतो. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात संधिमुक्ताचे सहा प्रकार वर्णिले असून, चिकित्सास्थानात काखेत मुसळ देऊन हा संधी स्थानी बसविण्याचा व नंतर स्वस्तिकबंध बांधण्याचा उपक्रम सांगितला आहे. परंतु वारंवार निखळणारा संधी केवळ बसवून भागत नाही.

खांदा पुढच्या बाजूस निखळताना अंसफलकाच्या उथळ खोबणीचा ओठासारखा काठ व त्यास जोडलेले बंध सुटतात. हीच बँकार्ट विकृती. दुर्बिणीद्वारे हा काठ पुन्हा टाचणे हे प्रचलित शस्त्रकर्म होय.

ते फसण्याचे प्रमुख कारण अस्थीची झीज. प्रत्येक च्युतीगणिक खोबणीची कड झिजते व भुजास्थीच्या डोक्यास मागे खाच पडते. बर्कहार्ट व डी बीअर यांनी २००० साली १९४ शस्त्रकर्मांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात लक्षणीय अस्थिदोष नसलेल्यांत ४ टक्के, तर असलेल्यांत ६७ टक्के खांदे पुन्हा निखळले. आधारच खचला असता नुसता काठ टाचून काय उपयोग? अशा वेळी अस्थीचा तुकडा कडेस बसविणारे, लातार्जे यांनी १९५४ साली वर्णिलेले शस्त्रकर्म विचारात घ्यावे लागते.

वीस वर्षांखालील वय, धडकेचे खेळ, संधींचे उपजत शैथिल्य, अनियंत्रित अपस्मार व मैदानावर घाईने परतणे ही अन्य कारणे होत.

आमच्याकडे एक तरुण कबड्डीपटू आला. शस्त्रकर्मानंतर त्याचा खांदा पुन्हा निखळला होता. आम्ही अभ्यंग, स्वेदन व व्यायाम योजिले. तीन आठवड्यांत वेदना शमली, तो खेळू लागला आणि खांदा पुनश्च निखळला. त्यानंतर केलेल्या सी. टी. तपासणीत खोबणीची कड बरीच झिजलेली आढळली. वेदनाशमन म्हणजे संधिस्थैर्य नव्हे, हे आम्हांस उशिरा उमगले.

वैद्यबंधूंनी अशा रुग्णास प्रथम पुढील प्रश्न विचारावेत. खांदा किती वेळा निखळला? झोपेत वा किरकोळ हालचालीनेही निखळतो काय? झटके येतात काय? उत्तरे संशयास्पद असल्यास हात वर व बाहेर फिरविणारे मर्दन टाळून, अस्थिशल्यतज्ज्ञाकडून झिजेचे मापन करवून घ्यावे. स्नेहन-स्वेदनाने बल व गती सुधारण्यास साहाय्य होईल; झिजलेली कड मात्र तेलाने भरून येत नाही.