रिपोर्ट नॉर्मल, तरी मैदान बंद

“सीटी नॉर्मल आहे ना डॉक्टर? मग उद्या मॅचला पाठवू?” सायकलवरून आपटलेल्या किंवा कबड्डीत डोक्याला डोकं लागलेल्या मुलांचे आईवडील हे हमखास विचारतात. मी नाही म्हणते. एवढे पैसे घालून स्कॅन केला, त्यात काही निघालं नाही, तरी ही बाई अडवतेच, असं त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

डोक्याला मार लागल्यावर सीटी करायचा तो मुख्यतः कवटीचं हाड मोडलंय का आणि आत रक्तस्राव झालाय का, हे बघायला. कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला नुसता हिसका बसतो तेव्हा, बहुधा यातलं काहीच नसतं. एसटीला करकचून ब्रेक लागला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात, तसा मेंदू कवटीच्या आत हिसका खातो. पेशींमधल्या क्षारांचा तोल बिघडतो, तो सावरायला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडतो. हा बिघाड कामकाजातला असल्याने फोटोत दिसत नाही. कन्कशनसाठी बेशुद्ध पडावं लागतं असंही नाही. बहुतेक जण शुद्धीतच असतात.

लक्षणं उशिरा येऊ शकतात. ऑगस्ट 2019 मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, कानाखाली बसला. तपासणीत तो पास झाला, पुन्हा खेळायला उतरला आणि 92 वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोकं दुखू लागलं, गरगरू लागलं. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला; कसोटीतला तो पहिला कन्कशन बदली खेळाडू. स्मिथ पुढची कसोटीही खेळला नाही.

घरी काय बघाल? मूल दर दोन मिनिटांनी “आपण इथे का आलोय?” असं तेच तेच विचारतं, पडल्याचं आठवत नाही, उजेड किंवा टीव्हीचा आवाज नकोसा होतो, विनाकारण चिडचिड होते. टेंगूळ किती मोठं आहे यावरून आतलं काही कळत नाही.

पहिले 24 तास माणसाला एकटं ठेवू नका. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, बोलताना अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणं, हाक मारूनही नीट जागं न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा. कवटीखालची धमनी फाटली तर माणूस आधी छान गप्पा मारतो आणि काही तासांत गुंगीत जातो. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोपू द्यायला हरकत नाही; रात्रभर जागं ठेवण्याचा छळ नको. दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने नको.

आजीआजोबांचं वेगळं. बाथरूममध्ये घसरल्यावर कित्येक आठवड्यांनी त्यांच्या मेंदूभोवती रक्त साठलेलं सापडतं. चाल बदलली, बोलणं असंबद्ध झालं, तर “वय झालं” म्हणून सोडू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पडल्या दिवशीच दाखवा.

विश्रांती म्हणजे अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडणं नव्हे. एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग हलकं चालणं, थोडा वेळ शाळा. मैदान सगळ्यात शेवटी, त्रास पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर. मोठी माणसं साधारण दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना महिनाही लागतो. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर क्वचित पण जीवघेणी सूज येऊ शकते. माझ्या नकाराचं कारण हेच आहे.

हेल्मेटने कन्कशन शंभर टक्के टळत नाही, पण कवटी फुटणं आणि मेंदूतला रक्तस्राव यांचा धोका बराच कमी होतो. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच धडकेत उडून जातं. चार वर्षांवरच्या मुलालाही दुचाकीवर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. आयएसआय छापाचं, त्याच्या मापाचं घ्या. आणि एकदा अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या, धाकट्याला वापरायला देऊ नका.