ड्रॉइंगवरचे माप वाचताना

यांत्रिक ड्रॉइंगवर एकक लिहिलेले नसले की आकडा मिलिमीटरमध्ये धरतात. पण नुसता आकडा म्हणजे माप नव्हे. त्याच्या मागेपुढे काय आहे आणि तो कुठून मोजला आहे, हेही पाहावे लागते.

आकड्याआधी तिरकी रेघ मारलेले वर्तुळ, म्हणजे कारखान्यातला 'फाय', असेल तर ते व्यासाचे माप. आर असेल तर त्रिज्येचे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येक अँटेनाच्या तबकडीचा व्यास ४५ मीटर. हाच आकडा त्रिज्या समजून वाचला तर तबकडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होईल.

गुणिले या चिन्हापाशी नवखे हमखास अडखळतात. '४ × फाय १४' म्हणजे १४ व्यासाची चार होल. '२ × ४५°' म्हणजे कडेला २ मिलिमीटरचा चेम्फर. 'एम १६ × २' मध्ये मात्र २ हा आट्यांचा पिच. इथे होल आधी १४ चे पाडून मग टॅप मारायचा असतो. थेट १६ चे ड्रिल घातले की आटे पडायला धातूच उरत नाही आणि जॉब वाया जातो.

सर्वांत महाग पडते ते मापाचे मूळ न पाहणे. शेतीअवजाराच्या पट्टीवर कडेपासून दर २०० मिलिमीटरला एक, अशी पाच होल आहेत असे धरू. प्रत्येक अंतर आधीच्या होलापासून २००±०.५ असे दिले असेल, तर पाचवे होल कडेपासून २.५ मिलिमीटरपर्यंत सरकू शकते. सगळी मापे एकाच कडेपासून, तेवढ्याच टॉलरन्सने दिली असतील, तर प्रत्येक होलाला अर्धाच मिलिमीटर मुभा असते. अशा वेळी टेपचे शून्य त्या कडेवरून हलवू नये. आयटीआयमधून किंवा अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून चाकणला कामाला लागणाऱ्या प्रत्येकाने ही सवय पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावी.

कंसातले माप फक्त माहितीसाठी असते. त्यावरून जॉब कापू नये. अधोरेखित माप चित्राच्या प्रमाणात नसते, तरी आकडा तोच खरा. फुटपट्टी लावून ड्रॉइंग मोजू नये. झेरॉक्समध्ये प्रमाण बदलते. माप राहून गेले असेल किंवा दोन मापे जुळत नसतील, तर अंदाज न करता ड्रॉइंग काढणाऱ्याला विचारावे आणि दुरुस्त प्रत नव्या रिव्हिजन क्रमांकासह मागून घ्यावी.