पारदर्शकता टर्पेंटाइनमध्ये नाही

प्रश्न : मी तैलरंगात सह्याद्रीची निसर्गचित्रे करते. सावल्या पारदर्शक व्हाव्यात म्हणून भरपूर टर्पेंटाइन घालते, तरी त्या मळकट दिसतात. काय चुकते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पारदर्शकता मुळात रंगद्रव्यात असते. टर्पेंटाइन फार झाले की रंगाची पकडच सुटते. अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, अलिझरिन क्रिमसन हे पारदर्शक रंग. कॅडमियमचे रंग अपारदर्शक. सावलीत पांढरा मिसळू नका, तो उजेडासाठी राखा. खोली हवी असेल तर खालचा थर वाळू द्या आणि त्यावर जवसाचे तेल मिसळलेला पारदर्शक रंग पातळ पसरा. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवे, नाहीतर भेगा पडतात. मात्र एक काळजी घ्या : हे तेल पुसलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडवून ठेवा. थरांची ही पद्धत आधी छोट्या कॅनव्हासवर करून पाहा, जमेल.