ड्युरँड चषक : दगशाईच्या छावणीपासून सॉल्ट लेकपर्यंत

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला आणि मला तीन आठवड्यांच्या रजेवर घरी पाठवण्यात आले. घर म्हणजे सध्या कोलकाता. बाबा पूर्व रेल्वेत आहेत आणि आम्ही सियालदह स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो. आजारी पडण्याच्या आठवडाभर आधी आंतर-हाउस फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात मी पेनल्टी गोलपोस्टच्या बाहेर मारली होती आणि आमचे हाउस हरले होते. त्यामुळे मी सिक रिपोर्टला गेलो तेव्हा डॉर्मिटरीत मागून कोणीतरी म्हणालेच, "पळाला." अंगात १०३ ताप होता, पण तो शब्द जास्त लागला.

घरी पडून राहण्याशिवाय काम नव्हते. त्याच दिवसांत कोलकात्यात ड्युरँड चषकाचे सामने चालू होते. ही स्पर्धा सेनादले भरवतात, एवढेच मला ठाऊक होते. म्हटले, आपण सैनिकी शाळेत शिकतो, निदान हिचा इतिहास तरी वाचावा. पुढे दिले आहे ते त्या वाचनातून आलेले. खालच्या मजल्यावरच्या दादूंनी सांगितलेलेही थोडे त्यात आहे.

इतिहासाच्या पुस्तकात आपण ड्युरँड रेषा शिकतो. १८९३ मध्ये अफगाणिस्तानची सरहद्द आखणारे सर मॉर्टिमर ड्युरँड हेच या चषकाचे जनक. ते तेव्हा हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव होते. असे सांगतात, की शिमल्याजवळच्या दगशाई छावणीत ते आजारातून बरे होत होते. तब्येत टिकवायला खेळ किती उपयोगी पडतो, हे तिथे त्यांच्या मनात आले आणि त्यांनी सैनिकांच्या फुटबॉलसाठी एक बक्षीस ठेवले. (आजारी माणसाला स्पर्धा सुचते हे वाचून मला बरे वाटले. मला तर पपईच्या पानांचा रस सोडून काही सुचत नव्हते.) १८८८ मध्ये दगशाईतच पहिली स्पर्धा झाली. रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सने हायलँड लाइट इन्फन्ट्रीला २-१ असे हरवले. आशियातली ही सर्वात जुनी फुटबॉल स्पर्धा आहे. इंग्लंडचा एफए चषक तिच्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा.

सुरुवातीला नियम असा होता, की जो संघ सलग तीनदा जिंकेल त्याने चषक कायमचा घेऊन जावा. ड्युरँडसाहेबांना वाटले असेल, असे कोण जिंकणार! पण हायलँड लाइट इन्फन्ट्रीने १८९३, १८९४ आणि १८९५ अशी तीन वर्षे जिंकून चषक नेला. दुसरा चषक केला, तर तो ब्लॅक वॉच पलटणीने १८९७ ते १८९९ अशी ओळीने तीन वर्षे जिंकून नेला. तेव्हा तिसरा चषक करून तो फिरता ठेवण्यात आला, म्हणजे नाव कोरायचे आणि पुढच्या वर्षी परत द्यायचा. आज विजेत्याला तीन चषक मिळतात. ड्युरँड चषक आणि शिमल्याच्या नागरिकांनी दिलेला शिमला चषक हे दोन फिरते आहेत. राष्ट्रपती चषक मात्र कायमचा मिळतो. तो डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या काळात, १९५६ मध्ये सुरू झाला.

स्पर्धा पलटणींची आणि पलटणी गोऱ्या. त्यामुळे पहिली पन्नासहून अधिक वर्षे चषकावर एकाही हिंदी संघाचे नाव नाही. पण गोऱ्या पलटणींना हरवता येते हे कोलकात्याने आधीच दाखवून दिले होते. २९ जुलै १९११ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. त्यांच्या अकरा जणांपैकी एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते, बाकीचे अनवाणी खेळले. आपल्याकडे मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषक होता. तोही बराच काळ पलटणीच जिंकत. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा प्रथमच हिंदी नाव लागले. एके काळी कूपरेजवर गर्दी खेचणारी ती स्पर्धा २००१ नंतर बंदच पडली. मुंबईकरांनी ती जाऊ द्यायला नको होती, असे माझे मत आहे.

ड्युरँडमध्ये तो दिवस १९४० साली आला. स्पर्धा त्याच वर्षी शिमल्याहून दिल्लीला आली होती. अंतिम सामन्यात कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. मग महायुद्ध आणि फाळणी यांमुळे १९५० पर्यंत स्पर्धाच झाली नाही. पहिल्या महायुद्धातही ती बंद होती आणि १९६२ मध्ये चीनच्या युद्धामुळे पुन्हा बंद राहिली. जवान सीमेवर असताना सामने भरवणार तरी कोण?

१९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलिसांनी मोहन बागानला हरवून चषक नेला. १९५१ आणि १९५२ मध्ये तो ईस्ट बंगालने जिंकला. ही दोन साले दादू बोटांवर मोजून दाखवतात. त्यांचे वय एक्याऐंशी. १९५० मध्ये ते पूर्व बंगालमधून आईवडिलांबरोबर निर्वासित म्हणून आले आणि कित्येक आठवडे सियालदह स्टेशनच्या फलाटावर राहिले. मी रोज खिडकीतून जे स्टेशन बघतो, तेच. तिथे चटई, एक ट्रंक आणि लापशीसाठी रांग एवढेच होते, असे ते म्हणाले. "गाव गेले, घर गेले. नाव फक्त त्या क्लबात उरले होते," हे त्यांनी हिंदीत सांगितले आणि मग बराच वेळ बोलले नाहीत. ईस्ट बंगाल क्लब १९२० चा, म्हणजे फाळणीच्या आधीचा. जोराबागान क्लबने मोहन बागानविरुद्ध एका खेळाडूला बाहेर बसवले, त्या रागातून तो निघाला. पण फलाटावरच्या लोकांनी त्याला आपले घर केले. त्यांच्या घरी क्लब जिंकला की हिल्सा आणि मोहन बागानवाल्यांच्या घरी कोळंबी, ही वाटणी अजून चालू आहे.

सैन्याच्या संघांनीही चषक जिंकला आहे. मद्रास रेजिमेंटल सेंटरने १९५५ आणि १९५८ मध्ये, गुरखा ब्रिगेडने १९६६ आणि १९६९ मध्ये आणि आर्मी ग्रीनने २०१६ मध्ये. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने १९९८, २००१ आणि २००८ असा तीनदा नेला. २०१४ मध्ये पुणे एफसी अंतिम सामन्यापर्यंत गेला, पण गोव्याच्या साळगावकरने १-० ने हरवले. २०१९ मध्ये स्पर्धा कोलकात्यात आली.

३१ ऑगस्टला, शनिवारी, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि बाबा मला अंतिम सामन्याला घेऊन गेले. सियालदहहून मेट्रोने फूलबागान आणि त्यापुढचेच सॉल्ट लेक स्टेडियम. मोहन बागानसमोर नॉर्थईस्ट युनायटेड होता. याच संघाने उपांत्यपूर्व फेरीत आपल्या सैन्याच्या संघाला २-० ने हरवले होते, म्हणून मी मोहन बागानच्या बाजूने. दादू अर्थातच विरुद्ध. ईस्ट बंगाल शिलाँग लाजाँगकडून आधीच हरला होता आणि आता त्यांची एकच इच्छा उरली होती.

मध्यंतराला मोहन बागान २-० ने पुढे. लोकांनी नाचायला सुरुवात केली. मध्यंतरानंतर पंधरा मिनिटांच्या आत अजारे आणि गिलेर्मो यांनी दोन्ही गोल फेडले आणि एवढे मोठे स्टेडियम गप्प झाले. सामना पेनल्टींवर गेला. मला ते बघवेना. बाबा म्हणाले, "बघ." गोलरक्षक गुरमीत सिंगने लिस्टन कोलासोचा फटका अडवला. शेवटी मोहन बागानचा कर्णधार शुभाशिष बोस आला आणि त्याचाही अडवला. नॉर्थईस्ट ४-३ ने जिंकला. ते त्या क्लबचे पहिले मोठे विजेतेपद. बोस डोके खाली घालून उभा होता आणि आमच्या मागचा माणूस त्याला शिव्या देत होता. मी वळून त्या माणसाकडे बघितले, पण बोललो काही नाही.

परतीच्या मेट्रोत हिरवे-तांबडे शर्ट घातलेली सगळी माणसे मुकाट उभी होती. क्वार्टरच्या दारात दादू वाट बघत होते. निकाल त्यांनी टीव्हीवर पाहिला होता, तरी मला पहिल्यापासून सांगायला लावले आणि खूप हसले. मग विचारले, "शेवटची कोणी मारली म्हणालास?" मी म्हणालो, शुभाशिषने. ते हसायचे थांबले. "कॅप्टन आहे," म्हणाले, "त्यालाच जावे लागते."

पुढच्या आठवड्यात मी शाळेत परतलो. "पळाला" म्हणणारा कोण ते मी शोधले नाही. हाउस कॅप्टनला मात्र सांगितले, की पुढच्या सामन्यात पेनल्टी मारणाऱ्यांच्या यादीत माझे नाव ठेव. त्याने अजून हो म्हटलेले नाही. रोज गेम्सनंतर मी एकटा बारा चेंडू मारतो. काल सात आत गेले.