नाड्याचा पीळ

पुणे, ता. १५ मे १९५५

चि. बाळ यास काकांचे अनेक आशीर्वाद.

परवा आपल्या गावचे एक गृहस्थ दहिवडीहून एस.टी.ने इकडे आले होते. त्यांनी तुझ्या उद्योगाची जी वार्ता मोठ्या कौतुकाने सांगितली, ती ऐकल्यापासून मला दोन रात्री झोप नाही. तू म्हणे एकाच दिवसात गाडीच्या चाकांना धाव चढवून घेतलीस, नांगराचा फाळ पाजवून आणलास, मळ्याचा फुटका पाट लिंपलास, आणि दिवस कलल्यावर सालगड्याच्या पोराला तेवढे काठावर उभे करून, मोटेच्या जुन्याच नाड्याला धरून गाळ काढायला विहिरीत उतरलास. रोहिणी निघायला अवघे दहा दिवस उरले असता तुला घाई व्हावी यात नवल नाही, आणि धाव चढवल्याचे ऐकून तर मला मनापासून बरे वाटले. गोवऱ्यांच्या जाळात लाल झालेली ती कडी पुठ्ठ्यांवर बसवून पाणी ओतले की सांधे करकरत आवळतात, तो आवाज मला येथे पेठेतल्या खोलीतही ऐकू येतो. पण बाळ, तो नाडा! दादांनी वळलेला, म्हणजे त्यांच्यामागे पडवीत तीन पावसाळे लोंबकळलेला!

नाड्याची परीक्षा वरून होत नाही. हातहातभर अंतरावर पीळ उलटा फिरवून पदर मोकळे करावे आणि आतला वाख नखाने खरवडावा. तो काळा पडून भुशासारखा गळू लागला, की वरचे पदर कितीही चिवट दिसोत, तो नाडा वैरणीची पेंढी बांधण्याच्याही योग्यतेचा नाही. गाळाच्या विहिरीत आधी कंदील सोडून तो तेवतो की विझतो हे पाहावे, हेही तुला ठाऊक नाही असे नव्हे. ठाऊक असून केले नाहीस, याचाच मला संताप आला. वहिनींना तुझ्यावाचून दुसरे कोण आहे?

दादांच्या उजव्या हाताची दोन बोटे चाकात सापडून गेली, असे घरात सर्वांस ठाऊक आहे. ते खरे नव्हे. १९१८ साली पावसाने दगा दिला, मानमोडीने घरोघर माणसे नेली, आणि मोटेवर तगेल तेवढाच मळा हिरवा राहिला, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. 'वाख भिजत घातला आहे, आज नाडा वळून टाक,' असे दादांनी पहाटे बजावले; 'आजचा दिवस निघेल,' म्हणून मी तालमीत गेलो. दुपारी मी बैल हाकीत होतो. सोंदूर जाग्यावरून सरकला, तो नीट करावा म्हणून दादा थारोळ्यावर वाकले, त्यांनी तो तळहाताला गुंडाळून धरला, आणि त्याच क्षणी नाडा तुटून बैल गुडघ्यांवर कोसळले व भरल्या मोटेचा सगळा भार त्या सोंदुरावर आला. दादांनी चाकाचे नाव सांगितले ते कायमचे. मला एकांतातही कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही कोणाला सांगितले नाही, आज तुला प्रथम लिहीत आहे.

रागाच्या भरात अधिकउणे लिहिले असेल. मोडलेली वस्तू उद्यावर टाकायची नाही, हा दादांचाच स्वभाव तुझ्यात उतरला आहे, आणि तुझी वार्ता ऐकताना पहिल्या घटकेस माझा ऊर भरून आला होता, हेही तुला कळावे. तेलाच्या इंजिनासाठी तगाईचा अर्ज करण्याचा विचार असेल तर सातबाराचा उतारा काढून ठेव, मसुदा मी करून देईन. परंतु इंजिन येईतो मोट आहे आणि मोट आहे तोवर नाडा आहे.

पंचवीस रुपये मनीऑर्डरने पाठवले आहेत. चांगला वाख पाहून आण आणि डोणीत भिजत घाल. मी शनिवारी येतो. मला फार वेळ उभे राहवत नाही, पण पीळ धरून बसता येते, तेव्हा नाडा आपण दोघे मिळून वळू. तोपर्यंत विहिरीत उतरू नकोस, गाळ राहिला तर राहू दे. वहिनींना हे पत्र दाखवू नकोस; बोटांचे मी आल्यावर त्यांना स्वतः सांगेन. घणाने आणि कुदळीने तुझ्या हातांना फोड आले असतील, त्यांना निजताना खोबरेल लाव.

तुझा,
काका