आधी हाताला काम, मग शिष्यवृत्ती

चि. मनू,


तुझा अर्ज वाचला. ‘मला जगाची सेवा करायची आहे’ हे पहिलंच वाक्य काढून टाक. तुझी तळमळ खरी आहे, मला ठाऊक आहे. पण निवड करणाऱ्यांना तुला काय काम येतं ते कळायला हवं.

चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो. शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अटही आहे. तुला ती जाचक वाटते, मला रास्त वाटते. तू सिव्हिल इंजिनिअर आहेस. अनुभवाची दोन वर्षं माण किंवा जत तालुक्यातल्या पाणीटंचाईत घालव. आपत्तीतल्या मदतीचे ‘स्फिअर’ निकष तू पाठ केलेस: माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २५० माणसांमागे एक नळ, तोही ५०० मीटरच्या आत. पण टँकर आधी कुठल्या वस्तीवर रिकामा होतो, कुणाचा हंडा शेवटपर्यंत रिताच राहतो, छावणीतल्या शौचालयाला आतून कडी नसेल तर बाया रात्री काय करतात, हे तिथे बसून, त्या बायांनाच विचारून कळतं. निबंधात ते लिही.

पगाराचंही स्पष्ट सांगते. मदतकार्याच्या क्षेत्रातला पैसा देणगीदार सरकारांच्या मर्जीवर चालतो. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत देणारी आपली यूएसएड ही संस्था बंद केली आणि जगभर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यांत वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं होती. म्हणून नुसत्या ‘विकास’ विषयाच्या पदवीवर विसंबू नकोस. पाणीपुरवठ्याचं काम येणाऱ्याला कुठेही पोट भरता येतं.

कामाच्या जोडीला तिथली भाषाही हवी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकात पाच डॉक्टर होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, चिनी शिकले, १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. शस्त्रक्रिया त्यांना येतच होती. पण रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलता येऊ लागलं, हे मला तितकंच मोलाचं वाटतं.

काँगो, चाड, नायजर इथल्या कामाला फ्रेंच लागते. पुण्यात आलियाँस फ्रान्सेझमध्ये नाव घाल. फीचं मी बघते. आणि शिफारसपत्र मोठ्या हुद्देवाल्याचं नको, ज्याने तुझं काम रोज पाहिलंय त्याचं घे.

तुझी,
मावशी